पट्ट्याचे खालचे टोक

मित्रांनो, मी गिटारचा पट्टा आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या कडा उलल्या आहेत आणि जिथे खांदा यायचा तिथला रंग उडून मी पांढुरका झालो आहे. तुम्ही नदीची, वडाची, शाळेतल्या घंटेची आत्मवृत्ते वाचली असतील. पट्ट्याचे आत्मवृत्त कोणी लिहीत नाही, आणि त्यात कोणाचे चुकते असेही मला वाटत नाही. लोक गिटारकडे बघतात, वाजवणाऱ्याकडे बघतात. पट्टा आठवतो तो सुटल्यावरच.

मी एकदा सुटलो. माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे ते एवढेच. पण ते सांगायला बरेच मागून सुरुवात करावी लागेल, आणि ते मला नीट जमेल की नाही याची शंका आहे. सांभाळून घ्या.

माझे कातडे मूळचे टांग्याच्या घोड्याच्या साजातले. तेव्हा नाशिकरोडला स्टेशनबाहेर टांगे उभे असत, पण रिक्षा वाढत होत्या आणि टांगे एकेक करून कमी होत होते. एका टांगेवाल्याने घोडा विकला आणि साज लहानूबाबांना देऊन टाकला. लहानूबाबा स्टेशनबाहेर पिंपळाखाली चपला शिवायला बसत. त्यांनी मला गुंडाळून पेटीत ठेवले. तिथे मी दोन वर्षे होतो. आपले पुढे काय होणार, हे मला कळत नव्हते. चपलेचा अंगठा होण्याची तयारी मी मनातून केलेली होती.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली, हिवाळ्यात, निवृत्ती त्यांच्याकडे आला. तो पोस्टात कारकून होता. त्याच्या काखेत चादरीत गुंडाळलेले काहीतरी लांबलचक होते.

"काय हो हे, निवृत्तीराव? कोणाचं पार्सल घेऊन पळालात का?" लहानूबाबांनी विचारले.

"गिटार आहे, बाबा. शरणपूरचे एक मास्तर बदलून गेले, त्यांच्याकडून घेतली. गळ्यात अडकवायला पट्टा करून द्या."

"बसून नाही वाजवत का?"

"आमच्या गायन पार्टीत उभं राहून वाजवायचंय."

लहानूबाबांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली. तिच्या बुडाशी लाकडाची एक लहानशी गुंडी होती. वरच्या बाजूला काहीच नव्हते.

"खालचं टोक गुंडीत जाईल. वरचं कशाला अडकवू? माझ्या मिशीला?"

निवृत्ती हसला. मग दोघांनी मिळून ठरवले, की वरच्या टोकाला नाडी ओवायची आणि ती गिटारच्या मानेला, खुंट्यांच्या खाली, दोन गाठी मारून बांधायची. खालच्या टोकाला लहानूबाबांनी आरीने भोक पाडले आणि त्याला एक बारीकशी चीर दिली.

"भोक गुंडीपेक्षा लहान ठेवलंय. घालताना मला शिव्या द्याल, पण सुटायचा नाही. आणि हे बघा, चामडं आहे, ते ढिलं पडणारच. दर वेळी ओढून बघत जा. भोकापाशी तेल तेवढं लावू नका. तेलानं चामडं मऊ पडतं, आणि मऊ पडलं की सोडून देतं."

हे वाक्य निवृत्तीने ऐकले, मी ऐकले. तिसऱ्या कोणी ऐकले नाही. पुढे अनेक वर्षे मला याच गोष्टीचा विचार करत बसावे लागणार होते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

निवृत्तीची गायन पार्टी काळूदादांची होती. ते पेटी वाजवत आणि गात. एकजण ढोलकीवर असे. चांगुणाचा, म्हणजे निवृत्तीच्या बायकोचा, धाकटा भाऊ झुंबर बुलबुलतरंग वाजवी. बारशी, लग्ने आणि सगळ्यात मोठी म्हणजे चौदा एप्रिलची जयंती. आम्ही एसटीने सायखेड्याला जायचो, विंचूरला जायचो, एकदा तर देवळ्यापर्यंत गेलो. सायखेड्याच्या एका म्हातारीने गिटार पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "लय उंच तुणतुणं हाय बया! याला दोनदा जेवाया लागत आसंल!" त्यावर सगळा मांडव हसला. निवृत्तीही हसला, आणि त्या दिवशी त्याने फार सुरेख वाजवले.

काळूदादांच्या पार्टीचा एक नियम होता. गाणे सुरू करण्याआधी सगळ्यांनी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर एका ओळीत उभे राहायचे, आणि ज्याचे वाद्य गळ्यात घालता येते त्याने ते गळ्यात घालूनच वाकायचे. काळूदादा सांगत, "आपल्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या वरातीत वाजवलं. सांगितलं की वाजवायचं, हाकललं की निघायचं. आता हे वाद्य आपलं आहे. मग आधी ते इथं वाकू दे."

मला हा नियम आवडे. पण माझ्यासारख्या पट्ट्याला त्यात एक अडचण होती. वाजवताना वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गिटारवर असतात, त्यामुळे पट्टा थोडा ढिला असला तरी चालून जाते. वंदनेला मात्र दोन्ही हात जोडायचे असतात. माणूस पुढे वाकतो, गिटार पुढे झुलते, आणि तेवढा वेळ तिचा सगळा भार एकट्या पट्ट्यावर येतो. जेमतेम दहा अंक मोजण्याएवढा वेळ. माझी खरी नोकरी तेवढीच होती.

विंचूरच्या कार्यक्रमात त्या दहा अंकांतच माझे खालचे टोक गुंडीवरून निसटले. निवृत्तीने गुडघा पुढे केला आणि गिटार मांडीवर झेलली. काळूदादा धावत आले.

"एका हातानं धरत जा बाबा तिला. एका हातानं वंदन केलं तर कोण रागावणार आहे?"

"दादा, साहेब समोर आला तर मी पोस्टात दोन्ही हात जोडतो. इथं एका हातानं करू?"

काळूदादांनी पेटी पुढे ओढली.

तेव्हापासून निवृत्तीने मला पक्का करण्याचे वेड घेतले. आधी गुंडीवर दोरा गुंडाळून ती जाड करून पाहिली. दोरा दोन कार्यक्रमांत सुटला. मग सायकलच्या ट्यूबची चकती कापून गुंडीवर चढवली. ती पातळ होती, वाकायची. शेवटी सोडावॉटरच्या दुकानात गोटीच्या बाटल्या बघताना त्याला युक्ती सुचली. त्या बाटलीच्या तोंडात आतून रबराचे एक कडे असते, गोटी त्याला घट्ट दाबून बसते. त्याने दुकानदाराकडून फुटक्या बाटलीचे कडे मागून आणले, मला गुंडीवर चढवले आणि वरून ते कडे दाबून बसवले. कडे माझ्यासमोर राखणदारासारखे बसले. मला फार हायसे वाटले. इतकी वर्षे मला वाटत होते की सगळे माझ्यावरच आहे.

रबर वाळते, म्हणून निवृत्ती दर जयंतीला नवे कडे आणी. आणि प्रत्येक वंदनेच्या आधी माझे खालचे टोक तीनदा ओढून बघे. एक, दोन, तीन. घाई असो, लोक खोळंबलेले असोत, तीनदा म्हणजे तीनदा.

चांगुणा हे बघून चिडवायची. "माझ्यापेक्षा त्या पट्ट्याला जास्त जपता."

"तू काय सुटून पडणार आहेस का?" तो म्हणायचा.

ती जात्याच कमी बोलणारी. कार्यक्रमात बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसे आणि टाळ्या वाजवण्याऐवजी पदराचे टोक बोटाला गुंडाळत राही. निवृत्तीने एक चाल स्वतः बांधली होती. तिला शब्द नव्हते, फक्त गिटारवर वाजायची. ती सुरू झाली की पदर गुंडाळणारे बोट थांबायचे. माझ्या जागेवरून मला ते स्पष्ट दिसे.

एक्क्याऐंशी साली निवृत्तीला कावीळ झाली. पंधरा दिवस तो अंथरुणावर होता. पंधरा दिवसांत तो मला एकदाही खांद्यावर घेऊ शकला नाही. मग तो गेला.

गिटार खाकी कापडाच्या खोळीत गेली, आणि मीही तिच्याबरोबर. खोळ खिळ्यावर टांगली गेली. वर्षभर कोणी तिला हात लावला नाही. चांगुणा कुठल्या कार्यक्रमाला गेली नाही, कोणाच्या लग्नाला गेली नाही. बायका बोलवायला येत. ती दारातूनच म्हणे, "तुम्ही जा. मला काम आहे." काम काही नसे. खोळीतून मला तिचे नुसते बसून राहणेही ऐकू येई. बसून राहण्याला आवाज असतो का, असे तुम्ही विचाराल. मलाही खात्री नाही.

ब्याऐंशीच्या मार्च महिन्यात झुंबर आला. मधल्या काळात तो निवृत्तीकडूनच थोडीफार गिटार शिकला होता. सातपूरच्या एका कारखान्यात तो फिटर होता.

"ताई, या जयंतीला गिटार देशील का? दाजींची चाल वाजवतो. मला येते ती."

तिने खिळ्यावरच्या खोळीकडे पाहिले.

"अख्खी येते?"

"अख्खी येते."

"मग मीपण येते ऐकायला," ती म्हणाली. झुंबरने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते ताईने बघू नये असे त्याला वाटत असावे. एक वर्षाने ती घराबाहेर पडणार होती, आणि ते सगळे त्या चालीवर अवलंबून होते. चाल गिटारवर, आणि गिटार माझ्यावर.

झुंबरने खोळ उघडून मला पाहिले. "ताई, ही गुंडी काढून पितळी पेच मारतो ना. खाली वायसर टाकतो, पट्ट्यातूनच आरपार. हलणार नाही कधी. मी फिटर आहे, दोन मिनिटांचं काम."

"नको रे. त्यांनी कधी मारला नाही पेच. तू कशाला तिला भोकं पाडतोस?"

"बरं. मग दाजी करायचे तसं सोड्याच्या बाटलीचं कडं आणतो."

"ते आण."

जयंतीच्या आदल्या दिवशी चांगुणाने घर धुऊन काढले. भिंतींना चुना दिला. भांडी घासून चकचकीत केली. मग गिटार खोळीतून काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. गुंडीवरचे मागच्या वर्षीचे रबर वाळून चिरलेले होते, ते हातात तुटून आले. मग तिने मला मांडीवर घेतले. मी धुळीने माखलेला, कोरडा, तडकलेला होतो. ती उठली, केसांना लावायची खोबरेलाची बाटली आणली, आणि बोटांनी मला तेल चोळू लागली. सावकाश, वरपासून खालपर्यंत. जिथे निवृत्तीचा खांदा यायचा तिथे पुन्हा पुन्हा. मग खालच्या टोकाला, भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा.

मित्रांनो, एका वर्षात माझ्या अंगावरून कोणाचा हात फिरला नव्हता. मला फार बरे वाटले, हे मी कबूल करतो. लहानूबाबांचे वाक्य मला आठवत होते. पण मला आवाज असता तरी त्या क्षणी मी तिला थांबवले असते का? इतकी वर्षे झाली, या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसाहतीतल्या मैदानावर मंच होता. दिवे नुकतेच लागले होते. झुंबर पांढऱ्या शर्टपँटमध्ये मंचाच्या पायरीशी उभा होता. त्याच्या खिशात नवे कडे होते. चांगुणा पांढरे लुगडे नेसून, गिटार दोन्ही हातांत घेऊन चालत आली. लोक बाजूला झाले. झुंबर गिटार घ्यायला पुढे झाला, पण तिने ती दिली नाही. निवृत्तीला करताना तिने शंभर वेळा पाहिले होते, तसे तिने स्वतःच्या हाताने माझे भोक गुंडीवर चढवले, वरची नाडी बांधली, आणि मला हार घालावा तसे भावाच्या गळ्यात घातले.

"आता वाजव," ती म्हणाली.

झुंबरचा हात खाली, माझ्या टोकाकडे गेला. बोटे गुंडीला लागलीसुद्धा. खिशातले कडे बसवायचे तर गिटार पुन्हा उतरवावी लागणार होती. आणि ओढून बघायचे तर ताईच्या देखत, तिने आत्ताच लावलेले ओढून बघावे लागणार होते. त्याने वर पाहिले. ती त्याच्याकडे बघत होती, वर्षभरात पहिल्यांदा हसत होती.

त्याने हात मागे घेतला. पहिले गाणे झाले की कडे बसवू, असे त्याने ठरवले असावे. ते मी त्याच्या बोटांवरून ओळखले.

सगळे ओळीत उभे राहिले. काळूदादांनी खूण केली. झुंबरने दोन्ही हात जोडले आणि तो वाकला.

मी धरायचा प्रयत्न केला. तुम्हाला खोटे वाटेल, पण केला. एक, दोन, तीन, चार अंक झाले असतील. तेलाने मऊ झालेले माझे भोक गुंडीवरून हळूच, काही आवाज न करता घसरले. वरची नाडी घट्ट होती, पण एका टोकाने कोणाला धरून ठेवता येत नाही. गिटार गर्रकन फिरली, मला झुंबरच्या खांद्यावरून ओढत मंचाच्या कडेवरून खाली गेली. खाली फरशीचा दगड होता. मान बुडापासून मोडली. सहाही तारा एकदम वाजल्या, आणि मग एकही वाजली नाही.

झुंबरने खाली उडी मारली. त्याने आधी गिटार उचलली आणि मग मला. माझे टोक हातात घेताच त्याची बोटे थांबली. त्याने बोटे नाकाजवळ नेली. त्याला कळले. तो वास त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. त्याने एकदा ताईकडे पाहिले, आणि बोटे आपल्या पांढऱ्या पँटला पुसून टाकली.

"माझं चुकलं, ताई," तो म्हणाला. "मी कडं लावलं नाही."

चांगुणाने मोडकी मान हातात घेतली. ती रडली नाही, ओरडली नाही.

"ओढून बघायचं होतंस रे," ती म्हणाली. "ते बघायचे."

एवढेच. पण त्या दिवसानंतर झुंबरने कुठलेच वाद्य हातात घेतले नाही. बुलबुलसुद्धा नाही. काळूदादा दोनदा घरी जाऊन आले. "अरे, चूक कोणाच्या हातून होत नाही?" ते म्हणाले. तो म्हणाला, "माझ्या हातून झाली, दादा. तेवढं पुरे." पुढच्या जयंत्यांना तो लोकांत, अगदी मागे उभा राही. ताईच्या घरी तो सणावाराला येई, भिंतीकडे पाठ करून बसे, चहा पिऊन निघून जाई. दोघांनी त्या संध्याकाळचा विषय कधी काढला नाही. सुताराने गिटारची मान सरसाने चिकटवली, पण तार ताणली की ती पुन्हा उघडायची. म्हणून तारा काढून टाकल्या. आम्ही पुन्हा खिळ्यावर आलो.

अशी सात वर्षे गेली.

एकोणनव्वद साली चांगुणा पुन्हा चुना द्यायला भिंत रिकामी करत होती. तिने खोळ काढली आणि धुवायला म्हणून उलटी केली. खोळीच्या आतल्या लहान खिशातून कागदाची एक पुडी पडली. पोस्टातल्या कोऱ्या फॉर्मचा कागद होता. आत एक पितळी पेच आणि एक वायसर होते. कागदावर निवृत्तीच्या अक्षरात लिहिले होते, "पट्ट्यासाठी. झुंबरकडून बसवून घेणे."

तिने तो कागद कितीतरी वेळा वाचला. मग तिने मला हातात घेतले. तिचा अंगठा माझ्या भोकात सहज आरपार गेला. अंगठ्याला धुळीचा काळा चिकट थर लागला. तिने तो हुंगला. खोबरेल सात वर्षांत खवट झाले होते, पण ओळखू येत होते. ती खाली बसली.

संध्याकाळी तिने झुंबरला बोलावून घेतले. त्याच्यापुढे मला, पेच आणि तो कागद ठेवला. त्याने कागद वाचला.

"झुंबर," ती म्हणाली, "तेल मी लावलं होतं ना?"

त्याने कागदाची घडी घातली.

"तुला तेव्हाच कळलं होतं. सात वर्षं काय गिळून बसलास?"

झुंबरने मला उचलले. माझे टोक त्याने दोन बोटांत धरून दुमडले, उलगडले. मग म्हणाला, "तेलाबिलाचं काही नाही, ताई. पट्टाच जुना झाला होता."

मित्रांनो, ते खरे नव्हते हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. पण मी आनंदाने गप्प बसलो. एक गिटार मला धरून ठेवता आली नाही. हे ओझे मात्र त्याने विश्वासाने माझ्यावर टाकले, आणि मला वाटते, तेवढे मी धरले आहे.

चांगुणाने डोळे पुसले. "तुझी हत्यारं आणलीस का?"

"आता कशाला? वाजत थोडीच आहे ती."

"त्यांनी तुला सांगितलंय ना बसवायला? मग बसव."

त्याने गुंडी काढली आणि माझ्या टोकातून पेच आरपार नेऊन गिटारच्या बुडात कसला. खरोखरच दोन मिनिटांचे काम होते.

"ओढून बघ," ताई म्हणाली.

माझी एक विनंती आहे, लहान तोंडी मोठा घास वाटला तर सोडून द्या. ज्याच्या भरवशावर काही सोपवायचे आहे, ते आधी ओढून बघत जा. देणारा समोर उभा असला, जवळचा असला, हसत असला, तरीही बघा. त्याला वाईट वाटेल ते क्षणभर. आणि कोणाच्या वस्तूला मायेने हात लावाल, तेव्हा ती सांभाळणाऱ्याला एकदा विचारा, की तिला काय चालत नाही.

मी अजून त्याच भिंतीवर आहे. दर वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी झुंबर येतो. आता तो भिंतीकडे तोंड करून बसतो. चहा झाला की उठून माझे खालचे टोक धरतो आणि ताईच्या देखत ओढतो. एक, दोन, तीन. मी जराही हलत नाही. मग चांगुणा पदराचे टोक बोटाला गुंडाळते, आणि त्या बिनतारांच्या गिटारकडे आम्ही तिघे बघत राहतो.